पिल्लू माणसं आणि कुत्री दिसली की पुन्हा पुन्हा चेकाळतं: कुठे चुकतं आणि काय करावं

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार सरकलं आणि समोर शेजारच्या काकू दुधाच्या पिशव्या घेऊन उभ्या. त्या दिसल्या न दिसल्या तोच चिंगीनं झेप घेतली. पट्टा मी मनगटाला गुंडाळला होता, त्यामुळे हिसका थेट खांद्यापर्यंत गेला. तिची पुढची नखं काकूंच्या सुती साडीच्या निऱ्यांत अडकली, टर्रकन आवाज झाला, एक पिशवी पडून फुटली आणि दूध लिफ्टच्या फटीतून खाली ठिबकायला लागलं. मी "नो, चिंगी, खाली, खाली!" म्हणून ओरडत होते. काकू जराही रागावल्या नाहीत. "अगं, लहान आहे ती, राहू दे," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मान खाजवली.

चिंगी तेव्हा पाच महिन्यांची होती. पिवळी लॅब्रेडॉर, वजन १५ किलो. तिच्या बाजूनं हिशोब सरळ होता: उडी मारली की काकू मिळतात.

त्या दिवसांत प्रत्येकानं काही ना काही सांगितलं. मोठी झाली की सुधारेल. लाडावून ठेवलंय. नाकावर एक फटका द्या. जित्याची खोड आहे, जायची नाही. यातलं एकही खरं निघालं नाही, पण आम्ही जे करत होतो तेही चुकतच होतं. आमचे सगळे उपाय चिंगी चेकाळल्यानंतर सुरू व्हायचे: ओरडणं, पट्टा खेचणं, "बस" म्हणणं, खाऊ नाकासमोर नाचवणं. तोवर तिला काहीच ऐकू येत नसायचं. झेपेच्या आधीच्या दहा सेकंदांत आणि दहा पावलांत काम करायला लागलो, तेव्हा फरक पडायला लागला. ज्यांच्या घरी हीच तक्रार दर आठवड्याला नव्यानं उभी राहते आणि "सगळं करून बघितलं" असं वाटायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी बघा, हे नक्की काय आहे

चार वेगवेगळ्या गोष्टी लांबून एकसारख्या दिसतात. पिल्लू भुंकतं, ओढतं, उड्या मारतं, एवढंच आपल्याला कळतं.

निखळ आनंदात अंग सैल असतं. शेपटीबरोबर कंबरही हलते, तोंड उघडं असतं, कान मागे पडलेले असतात. काही पिल्लं अशा वेळी थेंबभर लघवी करतात. तो हट्ट नाही आणि शी-शूची शिस्त बिघडली असंही नाही. लहान वयात हे होतं आणि बहुतेकांचं वाढता वाढता थांबतं. रागावलात तर मात्र वाढतं. अशा पिल्लाला भेटताना वाकून अंगावर जाऊ नका, बाजूला वळून खाली बसा आणि आवाज हळू ठेवा.

दुसरा प्रकार चिडचिडीचा. पट्ट्यात असताना दुसरं कुत्रं दिसलं की अकांडतांडव, आणि मोकळं सोडलं की त्याच कुत्र्याशी छान खेळ. जायचंय आणि जाता येत नाही, एवढंच त्याचं दुःख असतं. चिंगीचं कुत्र्यांच्या बाबतीत हेच होतं.

तिसरी भीती, आणि ही सगळ्यांत जास्त वेळा ओळखायची राहते. वजन मागच्या पायांवर, शेपटी खाली किंवा पोटाखाली, जीभ नाकावरून पटकन फिरवणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरं दिसणं. घाबरलेलं पिल्लूही भुंकत पुढे जातं, पण लगेच मागे येतं, पुन्हा पुढे जातं. काही तर माणसाच्या अंगावर चढतात आणि आपण समजतो लाडात आलंय. अशा पिल्लाला "जा, भेट, काही करत नाही तो" म्हणून पुढे ढकललं तर भीती पक्की होते.

चौथा ताठरपणा. तोंड मिटलेलं, शेपटी उंच आणि कडक, नजर रोखलेली, अंग लाकडासारखं. हे पिल्लांत कमी दिसतं. पण दिसलं तर घरचे प्रयोग बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा. पाठीवरचे केस उभे राहिले म्हणजे राग, असं मात्र नव्हे. ते नुसत्या उत्तेजनेनंही उभे राहतात, माणसाच्या अंगावर काटा येतो तसे.

या चारही बाबतींत उपयोगी पडणारी एक कसोटी आहे. त्याच्या आवडीचा तुकडा, आमच्याकडे उकडलेल्या चिकनचा, नाकाजवळ धरा. सहज घेतलं तर अजून शिकण्याच्या स्थितीत आहे. हिसकावून, बोटांना दात लावून घेतलं तर कडेलोट जवळ आला आहे. घेतलंच नाही, किंवा तोंडात घेऊन पडू दिलं, तर तुम्ही फार जवळ आला आहात. तिथे "बस" म्हणून उपयोग नाही, तिथून निघायचं.

झोप

सगळ्यांत मोठा फरक इथे पडला, म्हणून यावर थोडं सविस्तर.

पिल्लाला दिवसाचे साधारण १८ ते २० तास झोप लागते. मी हे वाचलं होतं आणि आमची चिंगी तर दिवसभर पडलेलीच असते, असं मला खात्रीनं वाटत होतं. मग एक आठवडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानांवर वेळा लिहिल्या. कधी डोळे मिटले, कधी उठली, कशानं उठली. दूधवाला, पेपर, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, कामाच्या मावशी, कुरिअर, शाळेतून आलेला मुलगा, सासूबाईंची मालिका. प्रत्येक बेलला ती ताडकन उठायची आणि दारापाशी जाऊन यायची. बेरीज केली तर सगळ्यांत चांगल्या दिवशी १३ तास भरले. पडून राहणं आणि झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या कागदावर दिसलं.

अपुरं झोपलेलं पिल्लू सुस्तावत नाही, ते पिसाळल्यासारखं वागतं. आमच्याकडे संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ भयंकर जायचा. सोफ्यावरून उड्या, मुलाच्या पोटऱ्या धरणं, पायजमा ओढणं. "तिची एनर्जी जिरत नाही" असं समजून आम्ही त्याच वेळी तिला खाली नेऊन २०-२५ मिनिटं बॉल फेकायचो. ती धापा टाकत यायची, पण शांत व्हायची नाही. रोज तसं पळवून आम्ही तिला जास्त दमदार करत होतो, आणि चेकाळलेल्या अवस्थेत राहण्याचा सरावही देत होतो.

मग बेडरूमच्या कोपऱ्यात पडदे ओढून, पंखा लावून तिची जागा केली. घराच्या बेलचा आवाज कमी केला. सकाळचं फिरणं-खाणं झालं की दीड-दोन तास तिथे, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पाचला पुन्हा. सुरुवातीला मी दारात खुर्ची टाकून वाचत बसायचे, कारण तिला कोंडून निघून जायचं नव्हतं. फ्रीजमध्ये घट्ट केलेला दहीभात वाटीत देत होते. तो चाटता चाटता तिचे डोळे जड व्हायचे. चाटणं, चघळणं आणि हुंगणं ही तिन्ही कामं कुत्र्याची उत्तेजना उतरवणारी आहेत, धावणं आणि खेचाखेची चढवणारी. आठ-दहा दिवसांत संध्याकाळच्या पोटऱ्या वाचल्या. लिफ्टमधली झेप थांबली नाही, पण बोलल्यावर तिचे कान हलायला लागले.

चढलेली उत्तेजना पाच मिनिटांत ओसरत नाही, ती दिवसभर साठत जाते. सकाळी दोन बेल, मग जिन्यात मुलं, मग पार्किंगमधली मांजर. संध्याकाळी एखादा निरुपद्रवी माणूस समोर येतो आणि उकळी फुटते. आपण त्या माणसात कारण शोधत बसतो.

माणसं: दार, लिफ्ट, पाहुणे

अंगावर उडी मारणाऱ्या पिल्लाकडे कानाडोळा करा, पाठ फिरवा, असं सगळीकडे सांगतात. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. त्याला दोन ठिकाणी गळती लागते.

पहिली गळती घरातच. मी पाठ फिरवायचे आणि नवरा ऑफिसातून आला की तिचे दोन्ही पंजे छातीवर घेऊन नाचवायचा. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय मोडू देत नाही, उलट चिवट करतं. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस दहादा हरूनही अकराव्यांदा घेतो, तसं. घरात चार माणसं असतील तर चौघांचा नियम एकच हवा, नाहीतर करूच नका. दुसरी गळती अशी की इतके दिवस उडीनं काम होत होतं, ते अचानक बंद झालं की पिल्लू आधी जास्त जोरात उडी मारून बघतं. हे अगदी ठरलेलं आहे. चिंगीनं तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझी ओढणी दातात धरून खेचली. बहुतेक लोक नेमके इथेच हात टेकतात आणि "हे आमच्या पिल्लावर चालत नाही" म्हणून सोडून देतात.

शिवाय शेजारच्या आजोबांनी १५ किलोच्या कुत्रीकडे पाठ फिरवावी, ही अपेक्षाच बरोबर नाही. ते पडले तर? म्हणून उडी मारताच येणार नाही अशी व्यवस्था आधी, शिकवणं नंतर.

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटना मुख्य दाराबाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असतं. आम्ही तेच वापरलं. मी चिंगीबरोबर आत, मुलगा बाहेर. तो जाळीपाशी यायचा. तिचे चारही पाय जमिनीवर असले की मी खाऊचा तुकडा तिच्या पंजांपाशी खाली टाकायचे. उडी मारली की तो दोन पावलं मागे जायचा, काही न बोलता. पाय खाली टेकले की पुन्हा पुढे. तुकडा हातातून न देता जमिनीवर टाकणं महत्त्वाचं आहे. हात वर असला की नाक वर, नाकामागे पंजे वर. खाऊ खालून मिळायला लागला की माणूस दिसल्यावर तिची मान आपोआप खाली जायला लागली. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं. त्याहून जास्त केलं की दोघंही कंटाळतात.

मुलगा जमल्यावर नवरा, मग मावशी, मग काकू. काकूंना मी आधी जाऊन सांगितलं, "काकू, ती आली की तिच्याकडे बघू नका, बोलू नका. मी खाली खाऊ टाकते. तिचं खाऊन झालं की मग हनुवटीखाली हात लावा." बघू नका हे सांगणं जिवावर आलं होतं, कारण त्यांचा तिच्यावर जीव आहे. पण त्यांनी ते इतकं मनापासून पाळलं की चिंगी सगळ्यांत आधी त्यांच्याच समोर बसायला शिकली.

लिफ्टचा प्रश्न निराळा. तिथे अंतर ठेवायला जागा नसते. म्हणून दीड महिना आम्ही जिन्यानं गेलो. लॅब्रेडॉरच्या पिल्लाला चार मजले उतरवणं सांध्यांसाठी बरं नाही, तेव्हा सकाळी गर्दी व्हायच्या आत लिफ्ट आणि बाकीच्या वेळी हळूहळू, प्रत्येक मजल्यावर हुंगायला थांबत जिना. लिफ्टमध्ये मी तिला मागच्या कोपऱ्यात घेऊन मध्ये स्वतः उभी राहायचे, आणि दार उघडायच्या आधीच तिच्या पायाशी चार-पाच बारीक तुकडे टाकायचे. ती वेचेपर्यंत माणूस आत येऊन स्थिर झालेला असायचा. लिफ्ट वापरायचा हक्क आपल्याला आहे. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही असं म्हटलं आहे. तरी कुत्र्याला घाबरणारं कुणी दारात दिसलं की मी आजही "तुम्ही जा, आम्ही पुढच्या खेपेला येतो" म्हणते. घाबरून हात वर घेणारा, किंचाळणारा माणूस हा पिल्लासाठी सगळ्यांत कठीण पेपर असतो, आणि त्या माणसाच्या भीतीलाही मान आहे.

खरी परीक्षा गणपतीत झाली. आमच्याकडे पाच दिवस माणसांची रीघ असते. त्या वर्षी मी ठरवलं की चिंगीनं सगळ्यांना भेटायची गरज नाही. आरतीच्या वेळी, टाळ-झांजा सुरू व्हायच्या आधी, ती बेडरूममध्ये चघळायच्या खेळण्यासह. एका वेळी दोनच पाहुणे तिला भेटणार, तेही बसलेले. आणि प्रसाद तिला अजिबात नाही. पंचखाद्यात, मोदकाच्या सारणात बेदाणे असतात, आणि द्राक्षं, मनुके, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. चॉकलेट आणि कांदाही नाही. मावसासासूबाईंना हे फार कठोर वाटलं. त्यांना मी उकडलेल्या गाजराचे तुकडे भरलेली वाटी हातात दिली, त्यांनी तिला एकेक भरवला आणि प्रश्न मिटला.

दुसरी कुत्री

इथे माझी सगळ्यांत मोठी चूक झाली. "सोशलायझेशन", म्हणजे पिल्लाला जगाची ओळख करून देणं, हा शब्द डोक्यात इतका बसला होता की दिसेल त्या कुत्र्याला तिला भेटवायचं, असं मी धरून चालले होते. परिणाम असा की प्रत्येक कुत्रं म्हणजे खेळ, असं तिच्या मनात पक्कं झालं. खेळ मिळाला नाही की आकांत.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर इथे कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करून १९६५ साली जे मांडलं, त्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ पिल्लाच्या ओळखी घडण्यासाठी फार मोलाचा ठरतो. त्या वयात पिल्लानं माणसं, आवाज, जनावरं, जमिनी अनुभवाव्यात हे खरं. पण अनुभवणं म्हणजे दरवेळी अंगाला भिडणं नव्हे. शांतपणे बघून पुढे जाता येणं हीही ओळखच. लसी पूर्ण व्हायच्या असताना तर तेच करता येतं: पिल्लाला कडेवर घेऊन बागेच्या फाटकाबाहेर बाकावर बसा. रिक्षा, शाळेची मुलं, लांबून जाणारी कुत्री दिसू द्या आणि अधूनमधून तोंडात काहीतरी चांगलं घाला. जमिनीवर मात्र सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती खरी आहे.

आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांना हा भाग जास्त जड जातो. दात किती जोरात लावायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तरी सव्वा महिन्याची पिल्लं विकली जातात. तुमचं तसं असेल तर स्वतःला दोष देऊ नका, थोडा जास्त वेळ धरा.

आम्ही जवळच्या मैदानावर आमचं अंतर शोधलं. एका कोपऱ्यात एक काका त्यांच्या म्हाताऱ्या गोल्डन रिट्रीव्हरला घेऊन रोज बसायचे. मी चिंगीला घेऊन लांबून पावलं मोजत जवळ जायचे. चाळीस पावलांवर तिनं कान टवकारले, बघितलं, पण चिकन घेतलं. पस्तिसाव्या पावलावर पट्टा ताणला. म्हणजे आमची शाळा चाळिसाव्या पावलावर. तिथे उभं राहायचं. ती कुत्र्याकडे बघते, त्या क्षणी मी "छान" म्हणते आणि तुकडा देते. ती माझ्याकडे वळायची वाट बघायची नाही, नुसतं बघितलं तरी छान. पन्नास-साठ वेळा झाल्यावर एके दिवशी तिनं कुत्र्याकडे बघितलं आणि मी बोलायच्या आत मान वळवून माझ्या खिशाकडे पाहिलं. अंगावर शहारा आला माझ्या. कुत्रं दिसलं की माझ्याकडे बघायचं, हे तिचं तिनं जोडलं होतं. मग पस्तीस, मग तीस. एखाद्या दिवशी पुन्हा चाळीस. तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे करा आणि तेवढं जेवण कमी करा, नाहीतर वजन वाढेल.

अंतर कमी करताना समोरासमोर चालत जाऊ नका. कुत्र्यांच्या रीतीत सरळ चाल करून येणं उद्धटपणाचं असतं. ती एकमेकांकडे वळसा घेऊन जातात. आम्ही आणि काका मैदानाच्या दोन कडांनी एकाच दिशेनं चालायचो, रोज थोडं जवळ. पंधराव्या दिवशी दोघांनी एकमेकांचं ढुंगण हुंगलं. मी मनात तीन मोजले, "चल" म्हणून हसत बाजूला झाले, ती आली. तीन सेकंदांच्या भेटी, सैल पट्टा. ताणलेल्या पट्ट्यानं पिल्लाची छाती वर उचलली जाते, आणि समोरच्याला ती उभी राहून आव्हान देते आहे असं दिसतं. निम्मी भांडणं पट्ट्यामुळे होतात असं माझं मत झालं आहे.

साधन म्हणून छातीवर इंग्रजी वाय आकारात बसणारं हार्नेस आणि दोन मीटरचा साधा पट्टा. बटण दाबून लांब होणारा पट्टा पिल्लासाठी नको. त्याला सतत ताण असतो आणि ओढलं की लांबी मिळते, म्हणजे ओढणं फळतं.

आता गल्लीतली कुत्री. परदेशी व्हिडिओंत यांचा विचारच नसतो, आणि आपल्याकडे तर दर फेरीला त्यांची गाठ. त्यांची हद्द ठरलेली असते. तीन-चार दिवस पिल्लाशिवाय फिरून बघा: कोण कुठे बसतं, खाऊ घालणारे किती वाजता येतात, कुठल्या वळणावर दुसरी टोळी सुरू होते. रात्री उशिरा आणि पहाटे ती सर्वांत सावध आणि आक्रमक असतात. सकाळी सातनंतर, ऊन तापायच्या आत, आमची वेळ ठरली. लांबून कुणी येताना दिसलं की मी उभ्या केलेल्या गाडीच्या आड जाते. नजर तुटली की निम्मं काम होतं. तिथेच गवतात किंवा जमिनीवर मूठभर खाऊ पसरते, ती हुंगत वेचत राहते. पळायचं नाही, आणि शक्यतो पिल्लाला उचलायचंही नाही, कारण वर धरलेल्या पिल्लाकडे बाकीची उड्या मारतात. आमच्या फाटकावरचा काळू एकदा चिंगीच्या उड्यांना कंटाळला आणि तिच्या थोबाडावर तोंड ठेवून गुरगुरला, दात न लावता. ती क्षणात लवून पडली. मोठ्या कुत्र्यानं लहानाला दिलेली ती समज होती, आणि चिंगीला ती कळली. पण मी हे शिक्षण म्हणून मुद्दाम घडवून आणणार नाही. प्रत्येक काळू इतका समजूतदार नसतो.

आठव्या महिन्यात सगळं परत आलं

हा भाग मुद्दाम ठळक लिहिते. सातव्या महिन्यात ती लिफ्टमध्ये बसायला लागली होती. आठव्यात एका सकाळी तिनं माझी हाक ऐकूच न आल्यासारखं केलं, मैदानावर पंचवीस पावलांवरून भुंकली, पाहुण्यांच्या अंगावर उडी. मला रडू आलं. सगळी मेहनत वाया गेली असं वाटलं.

ती वयात येत होती. २०२० साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसल, नॉटिंगहॅम आणि एडिंबरा विद्यापीठांच्या संशोधकांनी लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरित पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या वयात "बस" ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात आपल्याच माणसाचं कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. घराघरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसारखंच. या वयात लोक वैतागून कडक साधनांकडे वळतात किंवा पिल्लू देऊन टाकतात, आणि तेच सगळ्यांत वाईट. आम्ही फक्त जुन्या अंतरावर परत गेलो. चाळीस पावलं, सेफ्टी डोअर, दुपारची झोप, सगळं पहिल्यापासून. या खेपेला जे सहा आठवड्यांत जमलं होतं ते तीनमध्ये जमलं. याच सुमारास तिची पहिली हीट आली, म्हणजे ती पहिल्यांदा माजावर आली, तेव्हा तीन आठवडे मैदान बंद ठेवलं आणि घरात टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावला.

नसबंदी केली की चेकाळणं थांबेल असं कुणी सांगितलं तर तेवढ्याच कारणासाठी घाई करू नका. तिची इतर कारणं आहेत, ती डॉक्टरांशी बोला. पण पाहुणे बघून उडी मारायची सवय शस्त्रक्रियेनं जात नाही.

हे करू नका

ओढली की गळा आवळणारी चोक चेन, टोचणारे काटेरी पट्टे, गुंडाळलेला पेपर, तोंडावर पाणी, छातीत गुडघा, मागच्या पंजांवर पाय देणं. हे सगळं मला कुणी ना कुणी सुचवलं, आणि कुत्रं सांभाळायला शिकवणाऱ्या एका माणसानं तर पहिल्याच दिवशी तिची मान खाली दाबून धरली. मी तिला घेऊन परत आले. दुखवलं की पिल्लू त्या क्षणी थांबतं, हे खरं. पण काकू दिसल्या आणि मान दुखली, असं चार वेळा झालं तर ते काकूंना घाबरायला शिकतं, आणि आनंदानं उडी मारणारं पिल्लू दात दाखवायला लागतं. ओरडण्याचाही उपयोग नाही. त्याला वाटतं आपणही त्याच्याबरोबर भुंकतोय. आणि "त्रास नको" म्हणून दिवसभर साखळीला बांधून ठेवणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्ह्यात मोडू शकतं, शिवाय सुटल्यावर ते दुप्पट चेकाळतं.

खेळता खेळता कुणाला दात किंवा नख लागून कातडी फुटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. "आमच्या पिल्लाला लस दिलीय" म्हणून समोरच्याला थांबवू नका.

पशुवैद्याकडे कधी? शांत पिल्लू अचानक चिडकं झालं, एका बाजूला हात लावू देत नाही, सतत कान खाजवतं, उठताना मागचा पाय जपतं, झोपेत वारंवार दचकतं. दुखणारं, खाजणारं पिल्लू शांत राहू शकत नाही आणि तिथे कितीही चिकन चालत नाही. लहान मुलांवर गुरगुरणं, अंग ताठ करून नजर रोखणं, किंवा दर आठवड्याला वाढत जाणारी भीती दिसली तर पशुवैद्यांना विचारून वर्तनाचं काम करणाऱ्या माणसाकडे जा. जाताना दोन-तीन दिवसांचे मोबाईलवर काढलेले छोटे व्हिडिओ न्या. दवाखान्यात पिल्लू तसं वागेलच असं नाही.

चिंगी आता १४ महिन्यांची आहे, २६ किलो. काल सकाळी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, काकू आत आल्या, हातात दुधाच्या पिशव्या. चिंगी मागच्या कोपऱ्यात बसली, शेपटीनं लिफ्टची भिंत बडवत, आणि तळमजला येईपर्यंत एकदा काकूंकडे, एकदा माझ्या खिशाकडे बघत राहिली. उतरताना काकूंनी तिच्या हनुवटीखाली हात लावला. गोल्डनजवळून ती सैल पट्ट्यानं जाते. बी विंगमधल्या नव्या बीगलच्या पिल्लासमोर मात्र अजून पंधरा पावलांच्या आत टिकत नाही. या आठवड्यात आम्ही अठरावर आहोत.